नावबदलाची खिडकी

सोमवारी दुपारी माझ्या सख्ख्या आईने माझ्याकडे मृत्यूचा दाखला मागितला. माझाच असं काही ती म्हणाली नाही, कोणाचाही चालला असता, पण रांगेत उभी मी होते, काचेला नाक लावून मी होते, आणि तिने खाली मान घालूनच म्हटलं, "मृत्यूचा दाखला, जुनं बिल, ओळखपत्र." झालं होतं एवढंच, की मी सकाळी घराची किल्ली विसरले होते आणि शाळा सुटल्यावर ती घ्यायला आईच्या ऑफिसात, म्हणजे पाणीपुरवठा खात्यात, गेले होते. मागच्या दाराने सरळ आत जाता आलं असतं, लहानपणापासून जातेच. पण त्या दिवशी मला मजा सुचली. म्हटलं, आपणही रांगेत उभं राहू, आईची गंमत करू. आईची खिडकी नावबदलाची. पाण्याची जोडणी ज्याच्या नावावर असते तो माणूस गेला, किंवा त्याने घर विकलं, किंवा तो बायकोपासून वेगळा झाला, की लोक या खिडकीशी येतात आणि नाव बदलून घेतात. जास्त करून माणूस गेलेलाच असतो. खिडकीला जाड काच, काचेला स्टीलची कड असलेलं एक गोल भोक, आणि खाली कागद सरकवायची फट. ते भोक कोणी कोणाच्या मापाने पाडलं देवाला ठाऊक, कारण सगळ्यांनाच वाकावं लागतं. मागच्या वर्षापर्यंत ते बरोबर माझ्या तोंडासमोर यायचं. यंदा मी ताडमाड वाढलेय, त्यामुळे मीही वाकले. आई फटीकडे बघत होती, जिथून हात येतात तिकडे. मी रिकामा तळवा सरकवला. "कागद?" ती म्हणाली. मी भोकातून म्हटलं, "आई, मी अजून जिवंत आहे गं." माझ्या मागचे काका फिस्सकन हसले. आईने वर पाहिलं. पाहिलं, पण तिचा चेहरा यायला वेळ लागला, टाकी रिकामी असताना नळ सोडला की आधी नुसती हवा येते ना, तसा. मग एकदम ती आली. "किल्ली विसरलीस ना, गधडे?" म्हणाली, आणि पर्समधून किल्ली काढून फटीतून सरकवली, आणि मी बाजूला व्हायच्या आत माझ्या मागच्या काकांना त्याच सपाट आवाजात म्हणाली, "मृत्यूचा दाखला, जुनं बिल, ओळखपत्र."

मी हसत हसत बाहेर पडले. पायऱ्या उतरेपर्यंत हसत होते. मग रस्ता ओलांडताना माझं हसू थांबलं. कारण ती बाई कोण होती? आमच्या घरातली आई म्हणजे नुसता दंगा आहे. ती भाजी चिरताना बोलते, आंघोळीला गेली की आतून बोलते, तिला तिच्या साहेबांपासून आमच्या गणिताच्या बाईंपर्यंत सगळ्यांच्या नकला येतात, आणि ती हसायला लागली की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून हाक मारून विचारतात, "काय झालं हो, आम्हालाही सांगा!" आणि ती काचेमागची? तिला गळा होता, पण त्यातून आवाज नुसता पोचवला जात होता. मला वाटलं, दिवसभर आई जाते कुठे? सकाळी डबा घेऊन दारातून बाहेर पडणारी बाई आणि संध्याकाळी दारातून आत येणारी बाई यांच्या मध्ये एवढा मोठा दिवस आहे, आणि त्यात ती कुठेच नसते. हे मला आजवर कसं सुचलं नव्हतं? पण मला आजवर बरंच काही सुचलं नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंत मीच अशी होते. वर्गात मला उत्तरं यायची, पण ती तोंडाच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी साचायची आणि तिथेच विरायची. मग आमच्या खेळाच्या सरांनी माझे हे लांबच लांब हात बघितले आणि मला हँडबॉलच्या गोलात उभं केलं. पहिला चेंडू सरळ नाकावर. दुसऱ्या वेळी समोरून एक धिप्पाड मुलगी धावत आली, आणि माझ्या तोंडून, माझ्या स्वतःच्या तोंडून, अशी आरोळी निघाली, "डावीकडे!" आणि आमच्या सगळ्या पोरी डावीकडे सरकल्या! चेंडू अडला की नाही ते मला आठवतही नाही. आठवतं ते एवढंच, की मी बोलले आणि माणसं हलली. त्या दिवसापासून मी थांबलेलीच नाही. घरी मला बाबा 'गोली' म्हणतो, आणि आई म्हणते, हिला गोलात उभं करणाऱ्या त्या सरांना एकदा घरी राहायला बोलावू या, म्हणजे त्यांनाही कळेल.

तर संध्याकाळी मी ठरवूनच बसले होते. आई आली, चपला काढल्या, आणि मी विचारायच्या आत तिनेच बातमी टाकली. "काच काढणार आहेत," ती म्हणाली. "सगळ्या खिडक्यांची. टेबलं टाकणार. लोक समोर येऊन बसणार... नाही, उभे राहणार, मला नीट कळलं नाही. आणि आता म्हणे नुसता नावबदल नाही. जो माणूस समोर आला त्याचं सगळं काम एकाच टेबलावर. नवी जोडणी, तक्रार, सगळं." मी टाळीच वाजवली. म्हटलं, वा! आई माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी कोणाच्या तरी अपघातावर टाळी वाजवली. मग तिने ट्रेनिंगची गंमत सांगायला घेतली, आणि ती गंमत सांगायला लागली की बाकी सगळं राहतं. एक ट्रेनिंगवाला आला होता. कोट, हातात लाल दिव्याचं पेन, आणि पिशवीभर फुगे. प्रत्येकाने म्हणे बदलाबद्दलची आपली सगळ्यात मोठी भीती फुग्यावर लिहायची आणि सगळ्यांसमोर तो फुगा फोडायचा. "शिक्केमामा तर बाहेरच निघून गेले," आई म्हणाली. शिक्केमामा म्हणजे तिच्या शेजारच्या खिडकीतले. शिक्का मारताना टेबल हलतं म्हणून त्यांना सगळं ऑफिस याच नावाने ओळखतं. "त्यांना फुगा फुटायचीच भीती वाटते. लहानपणापासून. त्यांनी फुग्यावर 'फुगा' असंच लिहिलं होतं." बाबा चहा पिता पिता ठसकला. "आणि तू काय लिहिलंस?" मी विचारलं. "पाल," आई म्हणाली. "पाल? बदलाचा आणि पालीचा काय संबंध?" "काही नाही. पण सगळ्यांसमोर फोडायच्या फुग्यावर खरं कोण लिहितं गं?" नंतर एक कागद दिला होता म्हणे, 'तुम्ही बदलासाठी किती तयार आहात?' आणि पुढे पाच गोल. झाडून सगळ्यांनी शेवटचा गोल रंगवला, 'पूर्णपणे तयार'. शिक्केमामांनी तर जरा बाहेरपर्यंत रंगवला. "मग आहेत ना सगळे तयार?" मी म्हटलं. "वर नाव लिहायला लावलं होतं, ठमे," आई म्हणाली. "नाव लिहायला लावल्यावर माणूस कायमच तयार असतो."

मग खरी गोष्ट निघाली. त्यांच्या नव्या मॅडम, वयाने आईपेक्षा कितीतरी लहान, ट्रेनिंगवाला गेल्यावर मागे थांबल्या आणि म्हणाल्या, मला त्या कागदांवरून काहीच कळलेलं नाही. शुक्रवारी आपण एक दिवस काचा काढून बघू. जमलं नाही तर काय जमलं नाही ते मला सांगा. आणि ज्यांना हे नकोच आहे त्यांच्यासाठी खाली तळघरात जुन्या फायली लावायचं काम आहे, पण ते कायमचं. एकदा खाली गेलं की वर जागा राहणार नाही. शुक्रवारी ऑफिस सुटताना सांगा. "शिक्केमामा खाली जाणार," आई म्हणाली. "मला म्हणाले, ताई, तुम्हीपण चला. तिथे थंडगार असतं, कोणी चढ्या आवाजात बोलत नाही, आणि फायली रडत नाहीत." "आणि तू?" मी विचारलं. आईने कपबशा उचलल्या. "मला पण थंड आवडतं," ती म्हणाली. तळघर! मी लहानपणी एकदा गेले होते त्या तळघरात, शिक्केमामांचा हात धरून. भिंतींना ओल, एक दिवा लुकलुकणारा, आणि फायलींच्या रांगांमधून आमच्या पावलांचा आवाज आमच्याच मागून चालत यायचा. आई तिथे? आत्ता निदान भोकातून तरी आवाज येतो. तिथे तर ती कोणाला ऐकूही येणार नाही, आणि संध्याकाळी घरी येणारी आईसुद्धा मग हळूहळू दमट होत जाईल, तिच्या नकला आधी बुरसतील, मग हसणं. मी मनातल्या मनात एवढ्या लांब गेले, की बाबाने माझ्या डोळ्यांसमोर चुटकी वाजवली.

बाबा सरकारी बस चालवतो. तो सहसा ऑफिसच्या गोष्टीत पडत नाही, म्हणतो माझं ऑफिस चालतं-फिरतं आहे, तुमच्यासारखं एका जागी कुजत नाही. पण त्या संध्याकाळी त्याने स्वतःचीच गोष्ट काढली. त्याच्या गाडीवरचा कंडक्टर काढला होता, मी तेव्हा अगदी लहान होते. तिकिटाचं यंत्र बसवलं, कंडक्टरकाकांना डेपोत काम दिलं, आणि बाबा एकटाच गाडी घेऊन निघाला. "पहिल्याच थांब्यावर थांबलो," बाबा म्हणाला, "लोक उतरले, लोक चढले. दार बंद केलं. आणि बसलो." "का?" "घंटीची वाट बघत! इतकी वर्षं मागून दोन टोले पडले की पाय आपोआप उठायचा. आता मागे कोणीच नाही, टोले कोण देणार? आणि मी आपला आरशात बघतोय. लोक माझ्याकडे बघतायत, मी लोकांकडे. शेवटी एक आजी ओरडल्या, 'अहो ड्रायव्हर, झोपलात का?'" आई हसायला लागली. तिने ही गोष्ट आधी शंभरदा ऐकली असणार, पण ती अशी हसते की जणू आत्ताच घडतंय. "मग?" मी विचारलं. "मग दुसऱ्या थांब्यावर पुन्हा तेच. तिसऱ्या थांब्यावर मात्र सगळी गाडीच ओरडली, 'चला!' आणि मी निघालो. महिनाभर असंच. पोरंटोरं तर त्यासाठीच चढायची, 'चला' ओरडायला." त्याने डोकं खाजवलं. "मला यंत्राचं ट्रेनिंग दिलं होतं. घंटीचं कोणालाच सुचलं नव्हतं. मलासुद्धा."

त्या गोष्टीने मला एवढं स्फुरण चढलं, की मंगळवारी मी जेवायच्या टेबलाचं ऑफिस केलं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला जनता म्हणजे बाबा. मी नव्या मॅडम. बाबा आला, डोक्याला उशीचा अभ्रा गुंडाळून, आणि हुंदका देत म्हणाला, "बाई, माझे काका वारले हो!" "कधी?" आईने विचारलं. "आत्ताच. जिन्यात." "मग इथे काय करताय, खाली जाऊन बघा!" "बघून काय करू, पाण्याची जोडणी त्यांच्या नावावर आहे, आणि मला आंघोळ करायचीय!" आई टेबलावर डोकं ठेवून हसली. खालून काकूंची हाक आलीच. आणि मला वाटलं, झालं की! ही आहे ना ती! हीच शुक्रवारी टेबलाशी बसली तर लोक तिकिटं काढून येतील. मी तिथेच उभी राहून भाषण ठोकलं. म्हटलं, आई, हे काहीच अवघड नाही. मला बघ. मी किती घाबरायचे? एकदा ओरडले आणि संपलं. भीती म्हणजे काय, नुसती एक काच. फोडली की फुटते. तू नुसतं मनात आणायचा अवकाश आहे! मला वाटतं माझा हातही हवेत गेला होता, लाल दिव्याचं पेन असल्यासारखा. आई हसायची थांबली. तिने बाबाच्या डोक्यावरचा अभ्रा काढून घेतला आणि त्याची घडी घालायला लागली. "तुझ्याकडे चेंडू येतात गं," ती म्हणाली. "माझ्याकडे माणसं येतात."

मग तिने मला जे सांगितलं ते तिने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघतही नव्हती, अभ्र्याची घडी घालून झाली की पुन्हा उलगडत होती. ती नोकरीला लागली तेव्हा नावबदलाच्या खिडकीला काच नव्हतीच. नुसता लाकडी काउंटर. पहिल्याच आठवड्यात एक बाई आली, आईच्याच वयाची, कडेवर लहान मूल. नवऱ्याचं नाव काढायचं होतं. कागद देता देता तिने आईचा हात धरला आणि रडायला लागली. "मीपण रडले," आई म्हणाली. "थोडंथोडकं नाही. भोकाड पसरलं मी. ते मूल आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होतं आणि मग तेही रडायला लागलं. रांग खोळंबली. तेव्हाचे साहेब बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, बाई, तुम्हाला पगार रडायचा मिळतो का?" पुढे काही दिवसांनी सगळ्याच काउंटरना काचा बसल्या. "त्या दिवशी मी गाणं म्हणत घरी आले होते. कारण काचेतून कोणी हात धरत नाही. तुला वाटतं मी कॉम्प्युटरला घाबरते? चार कामं जास्त शिकायला घाबरते? मी रडकी आहे गं, ठमे. समोर कोणी रडलं की मला आवरत नाही. काच काढली आणि कोणी रडलं, तर मी काय करू? सांग ना. ओरडू? 'डावीकडे' म्हणून?" माझ्या नव्याकोऱ्या आवाजाला पहिल्यांदाच कुठे जायचं ते कळेना, तो दारातच उभा राहिला, चुकीच्या वर्गात शिरलेल्या मुलीसारखा. सोमवारी ज्या बाईला मी सपाट समजले होते, जिच्यामुळे माझं हसू थांबलं होतं, ती सपाट नव्हतीच. ती दोन्ही हातांनी दार दाबून धरून बसली होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि म्हणून तिला वर बघायला सवड नव्हती. आणि हे मी कुठे सांगू, पण त्या क्षणी, वाईट वाटायच्या ऐवजी मला वेड्यासारखा आनंद झाला. म्हणजे ती तिथेच होती! दिवसभर कुठेही गेलेली नव्हती!

बुधवारी, गुरुवारी मी गोलात उभी राहून हाच विचार करत होते, आणि गोलांमागून गोल खात होते. सर ओरडले, "अगं ए खांबा, हलशील का जरा?" मी हलत होते, पण दुसरीकडेच. मला वाटत होतं, शुक्रवारी मी असायलाच हवं तिथे. कोणी रडलं की मी झेप घ्यायची, मध्ये पडायचं, पाणी आणून द्यायचं, आईला आत पाठवायचं. चेंडू अडवतात तसं रडणं अडवायचं. शुक्रवारी आमच्या शिक्षकांची बैठक होती, शाळा अर्धीच. मी दप्तरासकट धावत सुटले.

ऑफिसच्या दारातच मला हसू फुटलं, कारण काचा खरंच नव्हत्या, पण लोक वाकतच होते! समोर मोकळं टेबल, पलीकडे माणूस दिसतोय, मध्ये नुसती हवा, आणि तरी एकेक जण टेबलाशी येऊन कमरेत वाकून, मान तिरकी करून, जिथे कधीकाळी भोक होतं तिथल्या हवेत तोंड घालून बोलत होता. आणि आतले? आतलेही वाकत होते! शिक्केमामा तर मान वाकडी करून असे ऐकत होते, की त्यांचा आणि समोरच्या बाईंचा कान जवळजवळ एकमेकांना लागत होता. माझी आई कागद घ्यायला हात टेबलावर पालथा ठेवून पुढे सरकवत होती, फट असल्यासारखा. समोरच्या माणसाने कागद सरळ तिच्या हातात द्यायला धरला तर तिने हात मागे घेतला, तो टेबलावर ठेवेपर्यंत थांबली, आणि मग घेतला. मला बाबाची बस आठवली, दार बंद करून घंटीची वाट बघत उभी असलेली. नव्या मॅडम एका कोपऱ्यात उभ्या होत्या आणि ओठ दाबून हसू आवरत होत्या. मी बाकावर बसले. आईने मला पाहिलं, भुवई उडवली, म्हणजे आलीस का उपटसुंभ, आणि कामाला लागली. तिचा आवाज अजून सपाटच होता. "मृत्यूचा दाखला, जुनं बिल, ओळखपत्र." काच गेली होती, पण आवाजाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

मग एक आजोबा आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एक घर सोडून लावलेली. ते टेबलाशी वाकले. आईनेही वाकून हात पालथा पुढे केला. आजोबांनी दाखला ठेवला, बायकोचा. आईने तो वाचला. "नाव काढून तुमचं लावायचं?" "हो," आजोबा म्हणाले, वाकूनच. "तेच. माझं." आणि मग, तसेच वाकलेले, ते म्हणाले, "तुम्हाला एक सांगू का? तुमच्या खात्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता." आईची पेन धरलेली बोटं थांबली. "रोज संध्याकाळी," आजोबा म्हणाले, "घरातली यच्चयावत भांडी भरून ठेवायची. पातेली, तांबे, कप, फुलदाणी. मी म्हणायचो, अगं, चोवीस तास पाणी आहे आता. ती म्हणायची, त्या लोकांचं काय सांगता येतंय? ते लोक म्हणजे तुम्ही. एकदा मी माझे दात ठेवायला वाटी शोधतोय, तर वाट्याच नाहीत घरात. सगळ्या भरलेल्या!" आणि आई हसली. आधी नाकातून, अडवत अडवत, मग जमेना, आणि मग ते आमच्या घरातलं हसणं, जिन्यातून खाली जाणारं, पाणीपुरवठा खात्याच्या त्या उंच छताखाली पहिल्यांदा मोकळं सुटलं. रांगेतले लोक हसले. शिक्केमामांचा शिक्का हवेत राहिला. आजोबाही हसत होते, हसता हसता ते टेबलाला धरून अजूनच वाकले, आणि मग त्यांचे खांदे हलत राहिले, पण ते हसणं राहिलं नव्हतं.

मी उठले. दोन्ही हात पसरले होते माझे, खरंच, गोलात पसरतात तसे. आणि मग मी आईकडे पाहिलं आणि थांबले. तिचे डोळे भरले होते, नाक लाल झालं होतं, सगळं जसं व्हायला नको होतं तसंच झालं होतं. पण ती इकडेतिकडे बघत होती, काहीतरी शोधत. ती काय शोधतेय हे मला कळायच्या आत ती उठली, स्वतःची खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून या बाजूला आली, आणि आजोबांच्या मागे ठेवून म्हणाली, "बसा." नुसतं बसा. इतक्या वर्षांत त्या बाजूला कधी खुर्ची नव्हती. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, भोकाशी बसून कसं बोलणार? आजोबा बसले. आता आईला जागाच नव्हती, तर ती माझ्या बाकावर, अगदी टोकाला, आजोबांच्या शेजारी येऊन टेकली, पदराने डोळे पुसले, आणि म्हणाली, "फुलदाणीत पण?" "फुलदाणीत पण," आजोबा म्हणाले. "फुलं बादलीत." दोघं पुन्हा हसले, रडत रडतच. मी हात खाली घेतले. अडवायला काही नव्हतंच. चेंडू आला होता, आणि आईने तो न अडवता नुसता मांडीवर घेतला होता. माझ्या अंगातून एवढं काहीतरी हलकं वर गेलं, की मला वाटलं आता मी तरंगेन आणि सगळ्यांना पाय धरून मला खाली ओढावं लागेल.

पण कॉम्प्युटर पलीकडे राहिला होता. रांग वाढत होती. "ताई, नाव कोण चढवणार?" शिक्केमामांनी विचारलं. "तुम्ही," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "मी? मी नावबदलात कधी..." "मग आज. त्या डाव्या चौकोनात दाबा. डाव्या हो! ते उजवं झालं." शिक्केमामा कुरकुरत आईच्या टेबलाशी उभे राहिले आणि दोन बोटांनी नाव टंकू लागले, आणि आई इथून एकेक अक्षर सांगू लागली, आणि आजोबा तिसऱ्याच बाजूने दुरुस्त्या. "दीर्घ, दीर्घ! आमच्या घराण्यात दीर्घच आहे!" काम झालं. आजोबा उठले, निघाले, दारातून परत आले आणि म्हणाले, "भांडी मी अजून भरतोच बरं का. तुमचा राग नाही ना?" "भरा," आई म्हणाली. "आमचं काय सांगता येतंय."

त्यानंतरची दुपार कशी गेली ते मला धड सांगता येणार नाही, कारण मी नुसती बघत होते. सगळेच रडले नाहीत. खरं तर कोणीच नाही. एक जण भांडला. एका बाईंना फक्त सावलीत बसायचं होतं. आई मध्येच सपाट व्हायची, मध्येच उगवायची. वाकायची, आणि आपण वाकलोय हे लक्षात आलं की स्वतःच जीभ चावायची. त्या एका खुर्चीवर जनता बसत होती आणि आई दुपारभर उभी. ऑफिस सुटायच्या वेळी नव्या मॅडम आल्या. मी दप्तर मांडीवर घट्ट धरलं. मॅडमनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ताई, आज काय जमलं नाही?"

आईने एक चप्पल काढून पाय जमिनीवर टेकवला. "मला रडू आवरलं नाही," ती म्हणाली. "उद्याही आवरणार नाही. ते तुम्हाला आधीच सांगून ठेवते."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आणि?"

"आणि काय? खुर्च्या नाहीत!" आईचा आवाज चढला, घरातला, भाजी चिरतानाचा. "लोकांना बसायला खुर्ची नको का? आणि ती अशी समोर नको हो, समोर बसवलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो. बाजूला हवी, तिरकी. आणि स्क्रीन फिरता हवा, त्यांना त्यांचं नाव बघू दे आपण काय लिहितोय ते. आणि सोमवारी सकाळी हव्यात, नंतर नाही. पायाचे तुकडे पडलेत माझ्या."

मॅडमनी मान डोलावली आणि तळव्यावरच पेनाने काहीतरी लिहिलं. मग त्या शिक्केमामांकडे वळल्या. "आणि तुम्ही? तळघर ना?"

शिक्केमामा शिक्क्यावरची शाई फडक्याने पुसत होते. "मॅडम," ते म्हणाले, "खाली फार दमट आहे हो."

"सोमवारी तुम्ही थंडगार म्हणाला होतात!" आई म्हणाली.

"सोमवारी मला टायपिंग येत नव्हतं," शिक्केमामा म्हणाले, आणि आई चपलेत पाय घालता घालता इतकी हसली, की तिला तोल सावरायला माझा खांदा धरावा लागला.